दाढेनं चुगली केली

मला अँक्झायटी आहे हे सगळ्यात आधी ओळखलं ते माझ्या डेंटिस्टनं. खालची उजवी दाढ महिनाभर ठणकत होती, कीड असेल, भरून घेऊ आणि मोकळं होऊ असा विचार करून गेले तर बाईंनी तोंडात आरसा घालून बराच वेळ बघितलं, एक्स-रे काढला आणि म्हणाल्या, कीड वगैरे काही नाहीये, दाढ झिजलीये, आणि ही एकच नाही, दोन्हीकडच्या झिजल्यात. रात्री दात खाता का? मी म्हटलं छे, मी कशाला दात खाऊ. घरी येऊन नवऱ्याला विचारलं तर तो लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हणाला, "अगं तीनेक वर्षं झाली की. करकर आवाज येतो. मला वाटलं तुला माहितीये."

मला माहिती नव्हतं. सगळा घोळ तिथंच आहे.

माझी ख्याती अशी की हिला कशाचं टेन्शन येत नाही. डेडलाइन असो, कुणाचं आजारपण असो, मी आपली यादी करून कामाला लागलेली. आणि लोक सतत म्हणतात म्हणून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. आता आठवलं की कळतं, पहाटे चारला टक्क जाग यायची, फोन वाजला की आधी छातीत धस्स व्हायचं आणि मग स्क्रीनवर नाव बघायचे, कुणी नुसतं "जरा बोलायचंय" असा मेसेज टाकला की बोलणं होईपर्यंत हातातलं काम पुढे सरकायचं नाही. पण मी त्याला टेन्शन म्हणतच नव्हते, स्वभाव म्हणत होते.

डेंटिस्टबाईंनी रात्री दातांवर लावायला एक गार्ड करून दिला आणि जाताजाता एक गोष्ट सांगितली. ओठ मिटलेले असले तरी आत वरचे आणि खालचे दात एकमेकांना टेकलेले नसतात म्हणे, चावताना आणि गिळताना काय टेकतील तेवढेच, एरवी मध्ये फट असते. हे वाचताय ना, तुमचे बघा आत्ता. मी तिथंच खुर्चीत बघितलं तर माझे गच्च. रस्त्यात बघितलं, गच्च. रात्री टीव्हीसमोर बसले होते, हसायचा कार्यक्रम चालला होता, तरी गच्च.

आपल्या भाषेला हे प्रकरण कधीचं ठाऊक आहे हे मला तेव्हा लक्षात आलं. पोटात गोळा आला, हातपाय गार पडले, घशाला कोरड पडली, छातीत धडधडलं, अंगावर काटा आला. भीतीबद्दल बोलताना आपण मनाचं नावसुद्धा घेत नाही, सगळं शरीराचं बोलतो. आणि ते अगदी शब्दशः खरं आहे. वॉल्टर कॅनन नावाचा हार्वर्डचा शरीरशास्त्रज्ञ होता, क्ष-किरण नुकते सापडलेले असताना हा विद्यार्थीदशेत मांजरांचं पचन त्या किरणांखाली बघत बसायचा, आणि त्याला दिसलं की मांजर बिथरलं की त्याच्या पोटाची हालचाल बंदच पडते. पोटात गोळा! त्याच धाग्यावरून पुढं जात १९१५ मध्ये त्यानं 'लढा किंवा पळा' ही कल्पना मांडली, म्हणजे धोका दिसला की अॅड्रेनलिन सुटतं, हृदय जोरात पळायला लागतं, पोटाचं आणि कातडीचं रक्त कमी करून मोठ्या स्नायूंकडे वळवलं जातं, म्हणून हात गार, लाळ आटते म्हणून घशाला कोरड, आणि स्नायू उडी मारायच्या तयारीत आखडतात. वाघ आला तर ही फार उत्तम व्यवस्था आहे. ईमेल आला तर मात्र पंचाईत, कारण त्याच्याशी लढता येत नाही आणि पळूनही जाता येत नाही, मग ती सगळी जय्यत तयारी जागच्या जागी तशीच उभी राहते. माझ्या बाबतीत जबड्यात उभी राहिली, एवढंच.

मग मी नेहमीप्रमाणे यादी केली. रिलॅक्स कसं व्हायचं याची यादी. हसू नका.

यादीत पहिला नंबर अर्थातच दीर्घ श्वसनाचा, कारण जो उठतो तो हेच सांगतो, मोठ्ठा श्वास घे. मी घेतले. ऑफिसच्या जिन्यात उभी राहून दहाबारा दणदणीत श्वास घेतले, छाती फुगवून, जितकी हवा मावेल तितकी कोंबून, भराभर, आणि दोन मिनिटांत बोटांना मुंग्या आल्या, ओठ बधिर झाले, डोकं हलकं झालं आणि वाटलं संपलं, हा हार्ट अॅटॅकच. जिन्यातच बसून राहिले. नंतर तपासण्या झाल्या, ईसीजी काढला, थायरॉइड बघितलं, सगळं नीट निघालं. (या तपासण्या करून घ्याच, थायरॉइड जास्त काम करत असेल तरी धडधड, घाम, हात थरथरणं असं सगळं सेम टू सेम होतं, आणि छातीत दुखत असेल तर हे 'माझं टेन्शनच असणार' म्हणून घरी बसू नका.) डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले. घाबरलेल्या माणसाला ऑक्सिजन कमी पडतच नसतो, रक्तात तो आधीच जवळजवळ काठोकाठ असतो. तो वरून आणखी श्वास ओढतो तेव्हा कार्बन डायऑक्साइड मात्र गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो, त्यानं मेंदूकडच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि चक्कर, रक्ताचा आम्ल-अल्कलीचा तोल हलतो आणि मुंग्या. म्हणजे घाबरल्यावर करायचा उपाय म्हणून मी जे केलं त्यानं घाबरल्याची सगळी लक्षणं पैदा झाली. मोठ्ठा श्वास घे म्हणणाऱ्या सगळ्यांना माझा साष्टांग नमस्कार.

यादीत दुसरं होतं ते रेकॉर्डिंग. हेडफोन लावा, दिवा बंद करा, पाठीवर पडा, मागे झुळझुळ पाणी, आणि एक मधाळ आवाज सांगतोय की आता तुमचं शरीर जड होत आहे, आता तुम्ही पूर्ण शांत होत आहात. मी पडल्यापडल्या विचार करतेय, झाले का शांत? अजून नाही. पाय जड झाले का? एक झाला बहुतेक. दुसरा का होत नाहीये? माझ्यातच काहीतरी बिघाड असणार. आणि त्या शांततेत स्वतःच्या काळजाचे ठोके इतके मोठे ऐकू यायला लागले की उठून दिवा लावला आणि कपाट आवरायला घेतलं. रात्री साडेअकराला. कपाट मात्र झकास लागलं.

महिना-दीड महिना असे प्रयोग करून मी शेवटी एका काउन्सेलरकडे गेले आणि जवळजवळ रडतच सांगितलं की मॅडम, मला साधं रिलॅक्स पण व्हायला जमत नाही. त्या चक्क हसल्या. म्हणाल्या, याला नाव आहे अहो, तुम्ही पहिल्या नाही. १९८३ मध्ये हाइडी आणि बोर्कोव्हेक या दोघा मानसशास्त्रज्ञांनी एक पेपर लिहिला होता, रिलॅक्सेशनमुळेच येणाऱ्या अँक्झायटीवर. त्यांनी सतत ताणात असणाऱ्या लोकांना शांत व्हायला शिकवलं तर त्यातल्या काहींची बेचैनी उलट वाढली. मला त्या क्षणी इतकं बरं वाटलं म्हणून सांगू, चाळीस वर्षांपूर्वीची कुठली तरी अनोळखी माणसं माझ्यासारखीच पडल्यापडल्या तळमळली होती!

असं का होतं याचं मॅडमनी दिलेलं एक उत्तर मला फार पटलं. काळजी करणाऱ्या माणसाला आतून वाटत असतं की आपण काळजी करतोय म्हणून सगळं सुरळीत चाललंय. आपण रात्रपाळीचे वॉचमन. वॉचमनला कुणी म्हटलं की झोप जरा, तर त्याला आराम वाटेल की धडकी भरेल? शिवाय काळजीतून एकदम संकटात पडलं तर उंची फारशी नसते, पण छान निवांत असताना संकट आलं तर आपटणं जोरात होतं, म्हणून आपण आधीपासूनच खाली बसून राहतो. माझ्या आईचं वाक्य आठवलं मला, "फार हसू नये गं, नंतर रडावं लागतं." आई काही मानसशास्त्र शिकलेली नव्हती.

आणि मुद्दाम शांत व्हायला जाणं हाच दुसरा सापळा. डॅनिएल वेग्नर नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९८७ मध्ये लोकांना सांगून बघितलं होतं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि मग काय, अस्वल काही जाईना. पुढं १९९७ मध्ये त्यानं आणि सहकाऱ्यांनी हेच रिलॅक्सेशनबाबतही दाखवलं, डोक्यावर आधीच ओझं असलेल्या माणसाला शांत हो म्हटलं तर त्याच्या अंगातला ताण आणखी वाढतो. कारण शांत झालो का हे तपासणारा एक इन्स्पेक्टर आत सतत फिरत असतो आणि तो शोधतो काय, तर कुठं कुठं अजून शांतता नाहीये ते.

मग करायचं काय? मॅडम म्हणाल्या, शांत होऊ नका. घट्ट व्हा. मुठी आवळा बघू.

हा जो प्रकार त्यांनी शिकवला तो एडमंड जेकबसनचा. हा अमेरिकन डॉक्टर, १९०८ च्या सुमारास हार्वर्डला विद्यार्थी असताना माणसं दचकतात कशी याच्या मागे लागला होता, आणि त्याला आढळलं की अंग पूर्ण सैल सोडलेल्या माणसाच्या शेजारी अचानक मोठा आवाज केला तरी तो दचकत नाही. तिथून सुरुवात करून १९२९ मध्ये त्यानं त्यावर पुस्तक काढलं. नंतर शिकागोत त्यानं स्नायूंमधली अगदी सूक्ष्म वीज मोजली, आणि हात न हलवता नुसती हात वाकवायची कल्पना केली तरी त्या हाताच्या स्नायूत वीज सरसरते हे दाखवलं. हे ऐकल्यावर माझ्या डोक्यात एकदम ट्यूब पेटली. म्हणजे मी रात्री पडल्यापडल्या उद्याच्या मीटिंगमध्ये कुणाला काय सुनवायचं याची उजळणी करते तेव्हा जबडा ते सगळं खरोखर बोलत असतो की! बिचारी दाढ.

जेकबसनची मूळ पद्धत भयंकर लांबण लावणारी होती, महिनोन्‌महिने चालायची, सुरुवातीचे काही दिवस नुसता एक हात. पुढं जोसेफ वोल्प या सायकियाट्रिस्टनं ती कापून लहान केली, आणि १९७३ मध्ये बर्नस्टाइन आणि बोर्कोव्हेक यांनी सोळा स्नायूगटांचं जे आटोपशीर रूप लिहून काढलं ते आजही शिकवतात. हो, तोच बोर्कोव्हेक. ज्यानं ही पद्धत सोपी करून दिली त्यानंच दहा वर्षांनी सांगितलं की बाबांनो, काहींना याचा त्रासही होतो. मला हा माणूस त्यामुळे फार आवडतो, स्वतःच्या दुकानातल्या मालाची खोट स्वतः सांगणारा. त्याच पेपरात असंही होतं की मंत्र मनात म्हणत शांत बसण्यापेक्षा हा स्नायूंचा प्रकार कमी जणांना बाधला. अभ्यास छोटा होता, पण माझ्यापुरतं ते तंतोतंत खरं निघालं. बसायला सांगितलं की मी सैरभैर, काम दिलं की मी खूश.

करायचं असं. उजवी मूठ पाचसात सेकंद आवळायची, पार जीव काढून नाही, पण ताण स्पष्ट जाणवेल इतकी. आणि मग सोडायची, हळूहळू नाही, एकदम, दोरी कापल्यासारखी. आणि पुढचा अर्धा मिनिट काही करायचं नाही, फक्त तिथं काय वाटतंय ते बघायचं, कोमट वाटतं का, जड वाटतं का, नाडी लागते का. मग दंड, मग दुसरा हात, मग कपाळ, डोळे, जबडा, मान, खांदे, छाती, पोट, मांड्या, पोटऱ्या, पावलं. पावलं आणि पोटऱ्या जपून, जास्त ताणल्या की पेटके येतात, मी एकदा अंथरुणातून किंचाळत उठलेय. आणि जिथं दुखापत असेल ती जागा सरळ सोडून द्यायची.

पहिल्या दिवशी खांद्यांपाशी मी अडकले. मॅडम म्हणाल्या खांदे कानापर्यंत उचला, मी उचलले, आता सोडा, सोडले. म्हणाल्या, नाही सोडलेत. मी म्हटलं सोडले की. त्यांनी मला भिंतीवरच्या आरशात दाखवलं, खांदे कानांच्या खाली आले होते पण जिथं असायला हवेत त्याच्या दोन बोटं वरच अडकले होते, अदृश्य पिशव्या उचलल्यासारखे. मला खरंच वाटत होतं की सोडलेत. किती वर्षं ते तसे होते कोण जाणे. मुद्दाम जास्त आवळलं तेव्हा कुठं मला कळलं की आवळलेलं असणं म्हणजे काय, तोवर माझ्यासाठी तीच विश्रांती होती. जेकबसनचं सगळं म्हणणं हेच होतं बहुधा, की माणसाला ताण सोडता येत नाही कारण त्यानं तो धरलाय हेच त्याला ठाऊक नसतं. आपल्याकडे बघा ना, राग धरतो, श्वास धरतो, मनात धरतो, जीव मुठीत धरतो, धरून ठेवायच्या किती जागा.

श्वासाकडे मी बरीच उशिरा परतले, जिन्यातल्या प्रकरणानंतर भीतीच बसली होती. यावेळी मॅडमनी घ्यायचं काही सांगितलंच नाही, म्हणाल्या, नुसता सोडायचा विचार करा. मनगटावर नाडी धरा आणि श्वास घ्या, सोडा. मी धरली, आणि श्वास घेताना ठोके किंचित जवळ येतात आणि सोडताना लांब जातात हे बोटाला कळलं, मला! व्हेगस नावाची दहावी मेंदूनस आहे, ती हृदयाला लगाम घालते, आणि श्वास सोडताना तो लगाम जरा ओढला जातो. प्रत्येक माणसात हे होतच असतं, तरुणांमध्ये जास्त कळतं. म्हणजे घाबरलेल्या हृदयाला हुकूम देता येत नाही, पण उच्छ्वास लांबवता येतो, आणि हृदय त्याच्या मागोमाग येतं. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो, तो आकडा सहापर्यंत आणायचा, चार मोजत आत आणि सहा मोजत बाहेर, नाकानं, हलकेच, छाती फुगवण्याचा शो न करता.

आणि मग ते हुश्श. स्टॅनफर्डच्या लोकांनी २०२३ मध्ये एक अभ्यास छापला, त्यात रोज पाच मिनिटं असं महिनाभर काही जणांना श्वासाचे तीन वेगवेगळे प्रकार आणि काही जणांना ध्यान करायला लावलं. अँक्झायटी सगळ्यांचीच थोडी उतरली, पण मूड सर्वात जास्त सुधारला तो उसासे टाकणाऱ्यांचा. नाकानं श्वास घ्यायचा, भरत आला की वर अजून एक छोटा घोट घ्यायचा, आणि मग तोंडानं सावकाश लांबलचक सोडून द्यायचा. वाचून मी मोठ्यानं हसले. अहो, हे आपलं हुश्श आहे! सुटकेचा निःश्वास! घरी पोचून पर्स टाकून आपण जे करतो ते. लहानपणी उसासे टाकले की आज्जी ओरडायची, तिन्हीसांजेला कसले उसासे टाकतेस म्हणून. आता रोज पाच मिनिटं टाकते, घड्याळ लावून.

एवढं सगळं कळूनही पहिले दोन महिने काही फरक पडला नाही, कारण मी करायचे कधी, तर धडधड सुरू झाल्यावर. तहान लागल्यावर विहीर खणायला घेतली तर पाणी कसं लागणार. बरं असताना, कंटाळा येत असताना, काहीच घडत नसताना रोज पंधरा मिनिटं मुठी आवळणं हे इतकं रटाळ काम आहे की सांगायची सोय नाही, पण तेच ते काम आहे. अंगाला ती वाट रोज चालून पाठ झाली पाहिजे, मग अंधारातही पाय तिकडे वळतात. हल्ली मला सोळा गट वगैरे लागत नाहीत, टेबलाखाली एक मूठ आवळून सोडली की पाठोपाठ खांदे आपोआप खाली येतात. नेहमी नाही. दहातून सहासात वेळा म्हणू.

एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमच्या ऑफिसनं मध्यंतरी स्ट्रेस मॅनेजमेंटचं सेशन ठेवलं होतं, दोन माणसांनी नोकरी सोडली होती आणि त्यांचं काम आम्हा उरलेल्यांना वाटून दिलं होतं, त्या महिन्यात. ते सेशनही जेवणाच्या सुट्टीत. डोळे मिटा, सकारात्मक विचार करा. मी डोळे मिटून मुठी आवळल्या आणि त्या काही केल्या सोडवेनात. आणि मला वाटतं त्या दिवशी त्या सोडायच्याच नव्हत्या. काही ताण स्नायूत नसतो, कामाच्या वाटणीत असतो, आणि तो मिटला तो मी दुसऱ्या दिवशी जाऊन माणूस द्या म्हणून भांडले तेव्हा. भांडायच्या आधी जिन्यात थांबून दोन हुश्श केले होते, ते कामी आले, आवाज चिरकला नाही.

तसंच, गोळ्यांना घाबरून कुणी माझ्यासारखं मुठी आवळत बसू नका. माझं यावर भागलं. माझ्या एका मैत्रिणीचं भागलं नाही, तिला पॅनिकचे झटके यायचे, घराबाहेर पडणं बंद झालं होतं, तिला सायकियाट्रिस्टनं औषध आणि थेरपी दोन्ही दिलं आणि ती आज बाहेर पडते. श्वास तीही मोजते.

परवा सहा महिन्यांची तपासणी होती. गार्डवर बाईंनी बोट फिरवलं, म्हणाल्या, खुणा कमी दिसतायत यावेळी. मग ती मागची दाढ साफ करायला खुर्ची आडवी केली, दिवा तोंडावर आणला, आणि ते यंत्र सुरू व्हायच्या आधीच माझी बोटं खुर्चीच्या दांड्यांत रुतली.

"रिलॅक्स करा हं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं एक मिनिट, आणि दांडे आणखी जोरात आवळले, पाय ताणले, खांदे कानापर्यंत नेले. बाई आरसा हातात धरून माझ्याकडे बघत राहिल्या. "अहो, काय करताय?"

पाच, सहा, सात. सोडलं. हुश्श.

"हं," मी म्हटलं, "आता बघा," आणि तोंड उघडलं.